मंडईची वही

गोंदिया,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

तुझा गुळाचा रवा आणि तुझं पत्र एकाच दिवशी आलं. रवा बायकोने उचलून आत नेला, पत्र माझ्या वाट्याला आलं. मिलच्या ऑफिसात, धानाच्या धुळीत बसून ते दोनदा वाचलं. मजकूर काही गुळासारखा नव्हता. दिवाळीची सुटी संपली आणि तुझे चार मोल्डर परतलेच नाहीत. भट्टीवरचा नऊ वर्षांचा माणूस जेमतेम हजार-बाराशे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या फाउंड्रीत गेला. आणि शेवटी तू लिहिलंस, "तुमच्याकडे झाडीपट्टीत माणसं कशी टिकतात, ते जरा कळव."

लेका, चुकीच्या माणसाला विचारलंस. माझ्याकडची माणसं वर्षातून चार-पाचदा जातात. फक्त परत येतात, एवढंच. ती परत का येतात हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली आणि त्यापायी मालकाचे बरेच पैसे बुडाले. तुला फुकटात सांगतो.

आधी हे जाणं समजून घे. मार्च-एप्रिलात मोह गळतो. पहाटे चारला उठून बायामाणसं टोपल्या घेऊन जंगलात जातात, आणि सालेकसा-देवरीकडची आमची पोरं त्यांच्याबरोबर. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, अख्खं घर रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली पुडे बांधत बसतं, आणि त्या पंधरा-वीस दिवसांत जो रोख पैसा हातात येतो त्यावर शाळेची फी आणि बियाणं निघतं. जुलैत पाऊस पडला की रोवणी. परे उपटून चिखलात रोवायला जेवढे हात मिळतील तेवढे कमी, आणि गुत्त्याने रोवणी घेतली तर त्या आठवड्यात माणूस माझ्या मिलपेक्षा जास्त कमावतो. मग दिवाळीच्या मागेपुढे कापणी. हलका धान आधी, भारी धान नंतर. कापणीतून मान वर काढतोय तोवर मंडईची जत्रा.

आणि नेमका तेव्हाच धान मिलच्या दारात येऊन पडतो. म्हणजे मला माणसं सगळ्यात जास्त लागतात तेव्हाच त्यांना घर सगळ्यात जास्त लागतं. हे दोन्ही एकाच पिकामुळे होतं, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

आता माझा शहाणपणा ऐक. सॉर्टेक्सवर एक पोरगा होता. सॉर्टेक्स म्हणजे रंग पाहून दाणे निवडणारं यंत्र. कॅमेऱ्याला काळा-पिवळा दाणा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतं. यंत्र महागाचं आणि नाजूक, पोराचा हात त्यावर छान बसलेला. ऐन हंगामात येऊन म्हणाला, "साहेब, रायपूरला मिल पाह्यली जी. पुढच्या सोमवारपासून नाही येत." माझं डोकंच फिरलं. शिकवलं आम्ही, आणि चालला रायपूरला! त्याचे एकोणीस दिवसांचे पैसे निघत होते. म्हटलं, "पुढच्या आठवड्यात ये." आला. "मालक बाहेरगावी आहेत, नंतर ये." पुन्हा आला. तिसऱ्यांदा बापाला घेऊन आला. बाप फाटकाबाहेरच उभा राहिला, आत आला नाही, काही बोलला नाही. पोरगा पैसे मोजून गेला आणि मला वाटलं, चांगली अद्दल घडवली.

पुढच्या दीड महिन्यात पाच जण गेले. न सांगता, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. मी हैराण. शेवटी आमच्या बॉयलरवरच्या काकांना विचारलं. ते चहाची बशी फुंकत म्हणाले, "त्या पोराचा हिशेब पाह्यला न सगळ्याईनं. सांगून गेलं तं पैसे अडकते. मंग सांगाव काहून?"

विचार कर, मी अद्दल एकाला घडवायला गेलो आणि धडा अख्ख्या मिलने घेतला: जायचं असेल तर बोलू नका. तुझे चार मोल्डर सुटीवर गेले आणि परतले नाहीत, त्यांनी तुला आधी का सांगितलं नाही, याचं उत्तर तुझ्याच कुठल्यातरी जुन्या हिशेबात पडलेलं असेल. शोधून बघ.

तू म्हणशील, गेला तर गेला, दुसरा येईल. मीही तेच म्हणायचो. मग धान सोलणाऱ्या शेलरवरचा म्हातारा आठवडाभर आजारी पडला. हा माणूस ट्रकमधल्या पोत्यात बांबी खुपसून मूठभर धान काढतो, एक दाणा दातांत धरतो आणि फोडतो. 'कट्' असा कोरडा आवाज आला तर धान चालवायचा. दाणा दबला तर ओला आहे, उन्हात टाका. ओलावा मोजायचं यंत्र माझ्या टेबलावर आहे, पण यंत्र एका मुठीचा ओलावा सांगतं, आणि म्हातारा पोतं हाताने उचलूनच सांगतो की यात वरचा धान आणि खालचा धान वेगळा आहे. त्या आठवड्यात नवख्याने रबर रोल जास्त आवळले, तांदळाचा तुकडा झाला. सरकारी भरडाईत शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ द्यावाच लागतो आणि त्यात तुकडा किती चालेल याचीही हद्द ठरलेली असते. वरचा सगळा तुकडा आमच्या बोकांडी. मी बसून आकडेमोड केली: त्या एका आठवड्याचं नुकसान म्हाताऱ्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढं होतं. तुझ्याकडे तर वितळलेलं लोखंड आहे बाबा. भट्टीवरच्या त्या नऊ वर्षांच्या माणसाने ज्वाळेचा रंग पाहून काय काय ओळखलं असेल, आणि हजार रुपयांसाठी तू ते जाऊ दिलंस! नव्या माणसाचे किती कास्टिंग पहिल्या महिन्यात भंगारात गेले, तेवढं मोज.

आता मंडईकडे येतो, कारण खरं शिक्षण तिथे झालं. तुला मंडई माहीत नसेल. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, गावानेच ठरवलेला. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार. लेकीजावई, सोयरेधायरे सगळे येतात. पोरापोरींच्या सोयरिकीच्या गोष्टी निघतात. आणि रात्री नाटक. वडशाच्या कंपन्यांची नाटकं, पहाटेपर्यंत. थंडीत घोंगड्या पांघरून हजारो माणसं बसलेली. ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी त्या दिवशी पंधरा-वीस पानं उठतात. तो माणूस कामावर येईल? तू आला असतास?

मीही आधी नोटीस लावायचो: 'मंडईसाठी रजा मिळणार नाही. गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाईल.' परिणाम असा की ज्याच्या गावी मंडई तो तर जायचाच, वर "पगार तसाही कटणारच हाये" म्हणून दुसऱ्या दिवशीही झोपून राहायचा. नाटक पाहून पहाटे पाचला झोपलेला माणूस दंडाच्या भीतीने आठला उठत नाही. दंडाने एका दिवसाचा खाडा दोन दिवसांचा केला.

मग एका वर्षी दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर मी एक साधी दोनशे पानी वही आणली, हजेरीपटाशेजारी दोरीने टांगली आणि सांगितलं, ज्याने त्याने आपल्या गावच्या मंडईची तारीख लिहायची. सासुरवाडीची एक लिहिली तरी चालेल, पण एकच. पहिल्या दिवशी कोणी हात लावला नाही. वाटलं असेल, साहेब तारखा काढून घेतोय आणि त्या दिवशी बरोबर अडवणार. दुसऱ्या दिवशी बॉयलरच्या काकांनी लिहिलं. मग झाडणाऱ्या दोन बायांनी माझ्याकडून लिहून घेतलं. आठवडाभरात पान भरलं. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की आमच्या चाळीसेक माणसांची चौदा गावं आहेत आणि चौदा गावांच्या मंडया एका दिवशी नसतात! एकाच तारखेला फार तर सहा जण. सहा माणसं नसली म्हणून मिल बंद पडत नाही. बंद पडायची ती कोण येणार आणि कोण नाही हे सकाळी आठपर्यंत मला माहीत नसायचं म्हणून.

आता ती वही मी चालवतच नाही. तीच मंडळी आपसात ठरवतात. कामठ्याकडचा रावणवाडीवाल्याची पाळी करतो, तो त्याची फेडतो. एकदा दोघांच्या गावची तारीख एकच आली, दोघेही हमालांच्या एकाच टोळीतले. त्यांनी काय करावं? एकाने दिवसाची मंडई घेतली, दुसऱ्याने रात्रीचं नाटक. माझ्याकडे फक्त कळवायला आले.

यंदा वहीच्या मागच्या पानांवर रोवणीचे दिवस आणि तेंदूपत्त्याचे दिवसही लिहिले गेलेत. कोणीतरी माघ पौर्णिमेची कचारगडची यात्राही लिहून ठेवलीय.

तुझा पुढचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: असं सगळ्यांना जाऊ दिलं तर शिस्त कुठे राहिली? कायदा नको का? तर कायद्याने माणूस बांधून ठेवायचा प्रयोगही आमच्या भागाने करून पाहिलाय. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि कारभार नागपूरहून चालायचा. विडीचा धंदा जोरात. बायाबापड्या, पोरंसोरं, सगळे सावलीत बसून विड्या वळायचे, त्यामुळे शेताला मजूर मिळेना अशी ओरड झाली. मग १९४८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने कायदाच केला: शेतीच्या हंगामात, सरकार जाहीर करेल त्या गावांत, कोणी विडी वळायची नाही. १९५० साली सागर जिल्ह्यातल्या काही गावांना तसा हुकूम निघाला. तिथला एक विडी कारखानदार आणि एक कामगार, दोघेही थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. 'चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य', निकाल नोव्हेंबर १९५०. कोर्टाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणाले, ज्या म्हाताऱ्या, अधू माणसांना शेतात कामच होत नाही त्यांचाही धंदा तुम्ही बंद केलात. शेतीला मजूर हवेत म्हणून एवढं सगळं बंद करायची गरज नव्हती. वकिलीच्या पोरांना हा खटला अजून शिकवतात. मला विचारशील तर तो मॅनेजरांना शिकवायला हवा. मालक आणि मजूर एकाच बाजूने कोर्टात उभे राहिले, असं कितीदा होतं?

आणि दंड न करता काय करता येतं, तेही आपल्या विदर्भातच झालंय. आपण नागपुरात शिकत होतो तेव्हा जुम्मा तलावाजवळून जाताना तू एम्प्रेस मिलच्या भिंतीकडे पाहून म्हणायचास, "केवढी जागा वाया चाललीय!" ती गिरणी जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. मॅनेजर नेमला बेझनजी मेहता, तो कापडातला नव्हेच, रेल्वेच्या मालवाहतुकीतला माणूस. त्याची डोकेदुखी तुझ्या-माझ्यासारखीच. मुंबईच्या गिरण्यांच्या मानाने नागपुरात खाडे कितीतरी जास्त. चार दिवस काम केलं, पोटापुरतं झालं, की गडी गावाला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दंड लावणं सोपं होतं. त्यांनी उलट केलं. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं ठेवली, खेळांचे दिवस आणि कुटुंबासह समारंभ सुरू केले, गिरणीत हवा खेळती राहावी आणि दमटपणा नीट राहावा म्हणून यंत्रं बसवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. हे सगळं कायद्याने भाग पाडायच्या किती आधी! पुढे याच घराण्याच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला. तो जमशेदपूरचा कारखाना आमच्याच हावडा-मुंबई रुळावर आहे. गोंदियाच्या फलाटावरून गाडीत बसलास की सरळ तिथे.

त्यातली बक्षिसं मी सोडून देतो, घड्याळ वाटून माणूस किती दिवस येईल? मला पटतो तो निधी. गावाला गेलेल्या माणसाचं काहीतरी गिरणीत राहिलेलं असतं आणि ते गेल्याने बुडत नाही, उलट वाढतं. परत यायला तेवढं कारण पुरतं.

आमच्याकडे याच्या नेमकं उलट चालायचं. रोवणीला गेलेला माणूस परतला की त्याचं नाव नव्या नंबरावर, नव्या पगारावर. मागची वर्षं पुसली. कितीतरी ठिकाणी हे मुद्दाम करतात, कारण कायद्याप्रमाणे पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी द्यावी लागते. मग साडेचार वर्षं झाली की 'ब्रेक' देतात आणि आपण फार हुशार आहोत असं समजतात. आकडा काय असतो? शेवटच्या महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागा, पंधराने गुणा, तेवढं एका वर्षाचं. तेरा हजार पगार असेल तर वर्षाला साडेसात हजार. एवढे वाचवायला तू भट्टीवरचा जाणता माणूस दर पाच वर्षांनी नवा करणार? आणि गंमत अशी की कायद्याला रोवणी कळते. वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष सलग धरतात. आठवड्याची सुटी सोडून वर्षाचे तीनशे तेरा दिवस उरतात. त्यातून रोवणी, तेंदू आणि मंडई वजा करूनही आमचा माणूस २४० सहज ओलांडतो.

मी मालकांना एवढंच पटवलं की हजेरीपटातला नंबर बदलायचा नाही. माणूस महिनाभर गेला तरी त्याची ओळ तशीच कोरी राहते. तो येतो, त्याच ओळीत सही करतो. पहिल्या वर्षी रोवणीहून आलेल्या एका हमालाने मुन्शीला दोनदा विचारलं, "माहा सत्रा नंबर कोणाले देल्ला?" कोणालाच दिला नाही म्हटल्यावर त्याने वाकून स्वतःच पाहिलं.

पीएफचंही तसंच. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकात दुसरं, जन्मतारखेत तिसराच घोळ. आजारपणात पैसे काढायला जातो आणि अर्ज परत येतो. माणूस सायबर कॅफेच्या चकरा मारून मारून वैतागतो आणि शिव्या मिलला देतो. आमच्या मुन्शीने एका पावसाळ्यात, काम मंदीत असताना, एकेकाला बसवून सगळ्यांची नावं दुरुस्त करून घेतली. खर्च शून्य. तुला वाटेल ही काय मोठी गोष्ट! पण त्या दोन महिन्यांत मुन्शीला जेवढ्या घरून काकड्या आणि मक्याची कणसं आली, तेवढी मला दहा वर्षांत आली नाहीत.

उचल मात्र मी कमी केली. आधी दिवाळीला वीस-पंचवीस हजार उचल द्यायची म्हणजे माणूस बांधला जातो, अशी सगळ्यांची समजूत. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपतं तेव्हा उचल फिटली नसेल तर त्याला पुढच्या सालाला मान हलवावीच लागते, तोच हिशेब. पण उचलेने बांधलेला माणूस मनातून रोज गाठी सोडवत असतो. दुसरा मालक उचल फेडायला तयार झाला की गेलाच. आता दवाखान्याला, लग्नाला देतो, थोडी देतो, आणि ती फिटायच्या आत गेला तरी हिशेबातून वजा करून उरलेले त्याच्या हातात ठेवतो.

हां, आणि पगार. हे शेवटी लिहितोय म्हणून बिनमहत्त्वाचं समजू नकोस. बाजारभावापेक्षा कमी पगार देऊन वर मंडईची वही टांगलीस तर लोक वहीही नेतील. हेन्री फोर्डच्या मोटारीच्या कारखान्यात १९१३ साली चौदा हजारांच्या आसपास माणसं कामावर ठेवायला बावन्न हजारांवर भरती करावी लागली होती. एवढी गळती! जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाची मजुरी जवळपास दुप्पट, पाच डॉलर केली, नऊ तासांचा दिवस आठवर आणला आणि गळती एकदम घटली. पण त्याच पाच डॉलरसाठी कामगार घरी कसा राहतो, पितो का, पैसे साठवतो का, हे तपासायला त्याने घरोघर माणसं पाठवली. पैसे दिले म्हणून माणूस विकत घेतला असं वाटायला लागतं, ते हे असं. तुझ्या भट्टीवाल्याला शेजाऱ्याने जे हजार-बाराशे दिले ते तूही देऊ शकत होतास, खरं सांग. त्याने मागितले होते का? मागितले असतील तर तू काय म्हणालास? "बघू." बरोबर ना? नऊ वर्षांनंतर 'बघू' ऐकलेला माणूस दुसरीकडे बघतो.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट करावी लागली, ती जरा जड गेली. हमालांचा मुकादम जुना, मालकांच्या वडिलांच्या वेळचा. कामाला पक्का, तोंडाने फाटका. आईबहिणीशिवाय वाक्य नाही, वर टोळीकडून चहापाण्याचे पैसे. तरणी पोरं दोन महिन्यांच्या वर टिकेनात. त्याला काढणं मनाला पटेना, ठेवणं परवडेना. शेवटी त्याला वजनकाट्यावर बसवला. तिथे ट्रक असतात, ट्रकला शिव्या दिल्या तरी ट्रक सोडून जात नाही. टोळीने आपल्यातलाच एक मुकादम निवडला. हा मितभाषी आहे, इतका की मला त्याच्याकडून माहिती काढताना घाम फुटतो.

सगळं जमलं असं समजू नकोस. आयटीआय झालेली पोरं माझ्याकडे टिकत नाहीत आणि टिकणारही नाहीत. त्यांचा डोळा तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या वीज प्रकल्पावर, नाहीतर नागपूर, पुणे, हैदराबादवर. तुझ्याकडे निघणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात डोकावलास तर आमच्या आठही तालुक्यांतली पोरं बॅगा मांडीवर घेऊन पुण्याला निघालेली दिसतील. त्यांना मी काय देणार? तेव्हा ती आली की सांगतो, दोन वर्षं रहा, मोटर-पॅनेलचं काम नीट शीक, जाताना एक महिना आधी सांग आणि तुझ्या हाताखाली एक पोरगा तयार करून जा. प्रमाणपत्र मी लिहून देतो. बहुतेक जण शब्द पाळतात. आणि रायपूरला गेलेला तो सॉर्टेक्सवाला? तीन वर्षांनी त्याचा फोन आला. परत यायला नव्हे. त्याच्या धाकट्या भावाला कुठे लावता येईल का, विचारत होता. मी जीभ चावून म्हटलं, पाठव. भाऊ आज त्याच यंत्रावर आहे. बाप परवा फाटकाच्या आत आला, चहा प्यायला.

तुझ्यासाठी नेमकं काय करायचं ते लिहितो, कारण तू लांबलचक पत्रातून सोयीचं तेवढंच उचलतोस. एक वही टांग. तुझ्याकडे जोतिबाची चैत्री यात्रा आहे, बेंदूर आहे. बिहारची पोरं असतील तर छठ, ओडिशाची असतील तर रथयात्रा. तारखा त्यांनाच लिहू दे. ज्याच्या सहीची जागा कोरी राहील त्याची ओळ राखून ठेव. 'बघू' म्हणायचं बंद कर. हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का ते सांग.

पण त्याच्याही आधी एक काम. ते चार मोल्डर आणि तो भट्टीवाला, यांचा शेवटचा हिशेब दिलास का? तू पत्रात सगळं लिहिलंस, तेवढं मात्र लिहिलं नाहीस, म्हणून विचारतोय. दिला नसशील तर हे पत्र घडी करून ठेव आणि आधी तेवढं कर. त्यांना बोलावू नकोस. पैसे पोचते कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गोंदियाकर

ता. क. परवाच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने आमच्या ओळखीच्या एकाबरोबर दहा किलो चिन्नोर पाठवतोय. नवा तांदूळ आहे, पाणी बेताने घाल, नाहीतर गिचका होईल आणि दोष आमच्या मिलला देशील.